घर-अंगण : काचपेटीत आणि हौदात कोणते मासे ठेवावेत?

गेल्या दोन महिन्यांत ह्या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे आम्ही बाजूला काढून ठेवली होती. तिन्ही माशांविषयीची आहेत. ग्वाल्हेरच्या एका भगिनी लिहितात की, मुलाच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे आणले. नवव्या दिवशी सकाळी दोन्ही उताणे तरंगताना दिसले. सासूबाईंचे म्हणणे असे की, घरावर येणारे अरिष्ट त्या मुक्या जिवांनी आपल्यावर घेतले, तेव्हा दुःख न करता दुसरी जोडी आणावी. मुलगा मात्र त्या दिवशी जेवला नाही आणि ‘आपलं काय चुकलं?’ असे आईला विचारीत राहिला. इंदूरच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या वाड्यामागे आजोबांच्या वेळचा दगडी हौद आहे; त्यात रंगीत मासे सोडावेत अशी त्यांची इच्छा आहे. बडोद्याच्या एका वाचकांची अडचण ह्याच्या उलट आहे. दुकानदाराने ‘टाकी साफ ठेवणारा’ म्हणून दिलेला बोटाएवढा मासा आता वीतभराच्याही वर गेला आहे. तो जवळच्या तलावात सोडला तर पुण्य लागेल की पाप, असे ते विचारतात.

प्रश्न तीन असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण मासा निवडतो तो डोळ्यांनी. दुकानातील दिव्याखाली जो अधिक चमकतो, तो पिशवीत घालून घरी येतो. तो किती वाढणार, किती वर्षे जगणार, आपल्या गावचे पाणी त्याला मानवणार की नाही, हे विचारण्याची पद्धत नाही. लुगडे घेताना आपण पोत पाहतो, रंग जाईल का म्हणून चार वेळा विचारतो. जीव घेताना मात्र एकही प्रश्न विचारीत नाही.

आपल्या समाजात माशाचे स्थान घरोघरी निराळे. गोव्याच्या घरांत तो पानात नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही; माळव्यातील कित्येक घरांत तो दशावतारांच्या चित्राबाहेर कधी दिसतच नाही. तरीही काचेआड पोहणारा मासा दोन्ही घरांत सारखाच आवडतो. ही आवड आजची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. कोणते मासे कोठे राहतात, त्यांना काय खाऊ घालावे, ते कसे धरावेत, ह्याची बारकाईने माहिती त्यात दिलेली आहे. हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, ही गोष्ट बडोदेकर वाचकांस अभिमानाची वाटावी. राजाचा विनोद गळ टाकण्याचा होता, आपला पाहण्याचा आहे. पण माशाची जात ओळखल्यावाचून त्याच्याशी खेळू नये, एवढी शिस्त त्याच्याकडून घेण्यासारखी आहे.

मासे मरतात ते कशाने?

ग्वाल्हेरच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देऊ. मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे द्रव्य सतत बाहेर पडत असते. उरलेले अन्न कुजले की त्यात आणखी भर पडते. हे द्रव्य विषारी आहे. नदीत किंवा तळ्यात ते साचत नाही, कारण पाणी पुष्कळ असते आणि वाळूत, दगडांवर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचा निकाल लावीत असतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि वनस्पतींना तर ते खतच.

नव्या काचपेटीत हे उपकारक जंतू नसतात. त्यांची वस्ती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी दिसावयास आरशासारखे असते, पण आतून दिवसेंदिवस विषारी होत जाते. म्हणून नव्या टाकीतील मासे पहिल्या पंधरवड्यातच अधिक दगावतात. त्यातून गोल भांडे म्हणजे चार-पाच लिटर पाणी, तोंड अरुंद, हवा लागण्यास जागा थोडी. आणि आत सोनमासा, म्हणजे भरपूर खाणारा व तितकीच घाण करणारा प्राणी. नववा दिवस उजाडला हेच नवल म्हणावयाचे.

तेव्हा अरिष्ट घरावरचे नव्हते, भांड्यातलेच होते. सासूबाईंच्या समजुतीस आम्ही हसत नाही. मुलाचे डोळे पुसण्यासाठी वडीलधारी माणसे असे काही बोलतात, त्यात माया असते. पण त्या समजुतीचा एक तोटा आहे. मासा आपल्यासाठी मेला असे एकदा मानले, की तो का मेला हे कोणी शोधीत नाही, आणि दुसरी जोडी पहिलीच्याच वाटेने जाते. अशा रीतीने एकेका घरात वर्षाकाठी पाच-सहा जोड्या खपतात. मुलाने विचारलेला प्रश्न अधिक शहाणपणाचा होता. त्याला खरे उत्तर द्यावे आणि नवी सुरुवात त्याच्याच हातून करवावी.

आधी पाणी, मग मासा

पेटी निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असावी. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे 28 लिटर. तेव्हा ह्या पेटीत 56 लिटर पाणी मावेल. वाळू, दगड व काच धरून तिचे वजन 70 किलोंच्या पुढे जाते, म्हणून डुगडुगत्या तिपाईवर ती ठेवू नये. उन्हाच्या खिडकीपाशीही ठेवू नये, नाहीतर पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते. तळाशी धुतलेली जाड वाळू, दोन-चार पाणवनस्पती, एक लहान फिल्टर आणि वर झाकण, एवढे साहित्य पुरे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. इंदूरला 1978 पासून नर्मदेचे पाणी जलूदहून चढवून आणले जाते. तेही शुद्ध करूनच नळाला येते. माणसाला ते हितकर, माशाच्या कल्ल्यांना मात्र जाचक. पसरट भांड्यात पाणी चोवीस तास उघडे ठेवले तर साधे क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते मात्र अशाने जात नाही. म्हणून दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य जवळ ठेवणे बरे.

पाणी भरल्यावर महिनाभर धीर धरावा. कोणा स्नेह्यांकडे जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्या फिल्टरातला मूठभर भाग आणून आपल्या फिल्टरात घालावा. दह्याला विरजण लागते तसे हे विरजण. त्याने काम लवकर होते. मग एकदम बारा मासे न आणता तीन-चार आणावेत, आणि पंधरा दिवसांनी पुढचे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी कधीच बदलू नये. काढलेले पाणी तुळशीला, गुलाबाला घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना लाभते.

आता गावांचा विचार. ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे पारा 5 अंशांच्या जवळ जातो आणि मे-जूनमध्ये 45 च्या आसपास चढतो. इंदूरची माळव्याची हवा त्यामानाने सौम्य. तरी डिसेंबर-जानेवारीत उष्ण पाण्याच्या माशांना तेथेही हीटर लागतो. लिटरमागे एक वॉट हा ढोबळ हिशेब ध्यानात ठेवावा. बडोद्यास थंडीपेक्षा उन्हाळ्याचे भय अधिक. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. मासे पृष्ठाशी येऊन तोंडे उघडू लागले, की ती भूक नव्हे, गुदमरणे आहे. अशा वेळी खाद्य न टाकता हवेचा पंप चालू करावा. हैदराबादेत कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, साबणाला लवकर फेस न येणारे. तेथे गप्पी आणि मॉली सुखाने राहतात, कारण त्यांना जड पाणी आवडते. गोव्यातील चिऱ्याच्या विहिरींचे पाणी मृदू. तेथे हेच मासे मलूल पडतात. पेटीत शिंपल्यांचा थोडा चुरा घातल्यास त्यांना बरे वाटते. उलट, मृदू पाण्यातले निऑन टेट्रासारखे नाजूक दक्षिण अमेरिकी मासे हैदराबादेत जड पाण्यात आणून त्यांचे हाल का करावेत? आपल्या पाण्यात जो सुखी राहील तोच आपल्यासाठी सुंदर मासा, असे आमचे मत आहे.

आपल्याच नद्यांतले देखणे मासे

सुंदर मासा म्हणजे परदेशी मासा, अशी एक समजूत रूढ आहे. ती दूर व्हावी म्हणून पुढील हकिकत सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील फ्रान्सिस हॅमिल्टन ह्या स्कॉटिश डॉक्टराने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर एक ग्रंथ लिहिला. तो 1822 साली एडिंबरो येथे छापला गेला. त्यात दोनशेहून अधिक माशांची वर्णने आहेत. आज जगभरच्या दुकानांत मांडलेले निदान पाच लोकप्रिय मासे शास्त्राला प्रथम ह्याच पुस्तकातून माहीत झाले. ते आपल्या नद्यांतले आहेत. आपल्याला मात्र ते दुकानदार इंग्रजी नावांनी विकतो.

त्यांतला पहिला झेब्रा मासा. दीड इंच लांब, अंगावर निळ्या-रुपेरी उभ्याआडव्या नव्हे तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ धावणाऱ्या रेघा. हा काटक, चपळ आणि थंडी-उष्णता दोन्ही सोसणारा आहे. 18 ते 25 अंशांत उत्तम राहतो. एकटा ठेवू नये, निदान सहा तरी असावेत. समूहात असला तरच त्याचा स्वभाव खुलतो. ह्याचे अंडे व त्यातील गर्भ पारदर्शक असल्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातही त्याच्यावर संशोधन चालते. त्याची संपूर्ण जनुकमाला 2013 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते असे दिसून आले. हृदयाचा तुकडा कापला गेला तरी तो पुन्हा वाढविण्याची शक्ती ह्या इवल्याशा माशात आहे. मुलांना सांगण्यासारखे ह्याहून अधिक काय हवे?

दुसरा रोझी बार्ब. बंगालीत ह्याला कांचन पुंटी म्हणतात, आणि हॅमिल्टनने त्याचे शास्त्रीय नावही त्यावरूनच बेतले. विणीच्या काळात नर डाळिंबी रंगाने पेटल्यासारखा दिसतो. थंड पाण्याची ह्याला भीती नाही, म्हणून ग्वाल्हेरला हा विशेष योग्य. हा तीन इंचांच्या पुढे वाढतो व सतत पोहतो. त्याला तीन फुटी पेटी द्यावी आणि पाच-सहा एकत्र ठेवावेत. कोवळ्या पाणवनस्पती तो कुरतडतो, हे गृहीत धरावे.

तिसरा व चौथा हे गौरामी कुळातले: एक बुटका गौरामी, दुसरा मधगौरामी. बुटक्या गौरामीच्या नराच्या अंगावर तांबड्या-निळ्या तिरप्या पट्ट्या पैठणीच्या काठासारख्या शोभतात. कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका विशेष इंद्रियाने हे मासे वरची हवाही घेतात. म्हणून झाकण व पाणी ह्यांत दोन-तीन बोटे अंतर राहू द्यावे. नर तोंडाने बुडबुडे सोडून, त्यात पाणवनस्पतींचे तुकडे गुंफून पाण्यावर घरटे बांधतो आणि अंड्यांची राखण स्वतः करतो. एका पेटीत एकच नर असावा. ह्यांना 24 ते 27 अंश उष्णता मानवते, म्हणून उत्तरेकडच्या गावांत हिवाळ्यात हीटर हवा.

पाचवा काचमासा. हा आरपार दिसतो. त्याचा कणा आणि हाडे मोजून घ्यावीत इतका. दुर्दैवाने हाच त्याचा शत्रू ठरला आहे. काही व्यापारी त्याच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवे रंग टोचून ‘रंगीत काचमासे’ म्हणून विकतात. टोचताना कित्येक मरतात, वाचलेले रोगट होतात, आणि रंगही काही महिन्यांत फिका पडतो. असा मासा दुकानात दिसल्यास घेऊ नये, आणि न घेण्याचे कारण दुकानदारास स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईक बोलले तरच व्यापार बदलतो.

गोवा व कोकणपट्टीच्या वाचकांसाठी आणखी एक नाव सुचवितो: नारिंगी क्रोमाइड. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि जे पानात मानाने वाढले जाते, त्याचा हा धाकटा चुलतभाऊ. खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा, सोनेरी अंगावर तांबडे ठिपके असलेला, तीन इंचांचा. आईबाप दोघे मिळून पिल्लांना सांभाळतात. पिल्ले त्यांच्या अंगावरील बुळबुळीत थर टिपून खातात. पिल्लांचा थवा आईच्या कुशीला चिकटलेला पाहणे हा मोठा आनंद आहे. मात्र विणीच्या वेळी हे जोडपे इतरांवर धावून जाते, म्हणून त्यास वेगळी पेटी द्यावी.

येथे एक सावधगिरीची सूचना. देशी मासा घ्यावा म्हणजे कोणताही देशी मासा घ्यावा असे नव्हे. केरळच्या डोंगरी ओढ्यांतील तांबड्या-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब ‘मिस केरळ’ ह्या नावाने 1990 नंतर परदेशी बाजारात गाजला आणि ओढ्यांतून इतका उपसला गेला की आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. कृष्णेच्या खोऱ्यातील पट्टेरी बोटिया ह्या चिमुकल्या माशाचीही तीच स्थिती. बेळगावकडील वाचकांनी हा मासा ओढ्यात दिसला तर डोळे भरून पाहावा आणि ओढ्यातच राहू द्यावा. झेब्रा, रोझी बार्ब, गौरामी ह्यांची पैदास मात्र आता पेटीत व हौदांतच मोठ्या प्रमाणावर होते. ते घेतल्याने नदीचे काही जात नाही.

घरात रुळलेले परदेशी

परदेशी म्हणून सर्वच टाकाऊ नव्हेत. गप्पी मासा दक्षिण अमेरिकेकडचा. मलेरियाच्या प्रतिबंधासाठी 20व्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे आणला गेला. तो पिल्लेच घालतो आणि फार घालतो. नर-मादी एकत्र ठेवल्यास वर्षभरात पेटी ओसंडते. म्हणून केवळ नरच ठेवावेत, रंगही त्यांनाच असतात. फायटर हा थायलंडचा; 2019 पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय जलचर आहे. दोन नर एकत्र आले की एकाचा जीव जातो. तो एकटा, निदान वीस लिटर पाण्यात ठेवावा. चहाच्या पेल्याएवढ्या बाटलीत ठेवलेला फायटर जगतो, पण त्याला जगणे म्हणता येत नाही.

सोनमासा चीनमध्ये हजार वर्षांपासून माणसाच्या सहवासात आहे. नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षे जगतो आणि सहा-आठ इंच सहज वाढतो. दोन सोनमाशांना शंभर लिटरांहून अधिक पाणी हवे. त्याची खरी जागा हौद.

जे घेऊ नयेत त्यांची यादी थोडक्यात देतो. ऑस्कर फूटभर होतो आणि लहान माशांना गिळतो. रुपेरी अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो. वास्तूच्या नावाखाली भारी किंमत देऊन तो चार फुटी पेटीत कोंबणे हा दोघांचाही छळ आहे. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनविलेला मासा. तो भांडकुदळ असून जन्मभर एकटाच ठेवावा लागतो. ‘पिरान्हा’ म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा पाकू असतो, ज्याला मासळीबाजारात रूपचंद म्हणतात. तो किलोंनी वाढतो.

वाड्यामागचा हौद

इंदूरच्या गृहस्थांचा हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद व अडीच फूट खोल आहे असे ते लिहितात. हे शंभर घनफूट झाले, म्हणजे सुमारे 2,800 लिटर पाणी. त्यात आठ-दहा सोनमासे किंवा पंधरा-वीस रोझी बार्ब उत्तम राहतील. कोई हा जपानच्या निइगाता प्रांतात पैदा केलेला रंगीत कार्प दोन फुटांपर्यंत वाढतो आणि त्याला चार फूट खोली हवी; ह्या हौदात तो आणू नये.

जुन्या दगडी हौदाची भेग सिमेंटने बुजविली असेल किंवा हौद नवा बांधला असेल, तर सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो व मासे मारतो. दोन-तीन आठवडे पाणी भरून, टाकून, पुन्हा भरावे. केळीच्या खुंटांचे तुकडे त्यात कुजत ठेवण्याची जुनी रीतही चांगली आहे. शेवटी हौद घासून धुवावा. निम्म्या भागावर सावली हवी. झाडाची सावली असल्यास पानगळ उपसावी लागते. त्यापेक्षा कुंडीत लावलेले कुमुद हौदात ठेवावे, त्याची पाने सावलीही देतात आणि खंड्या-बगळ्यांपासून माशांना आसराही.

डासांसाठी पुष्कळ जण नगरपालिकेकडून गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे आणतात. गॅम्बुशिया 1928 साली इटलीहून भारतात आणला गेला. तो अळ्या खातो हे खरे, परंतु इतर माशांची अंडी-पिल्लेही खातो आणि त्यांचे पर कुरतडतो. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जातींत त्याचे नाव घातलेले आहे. त्याऐवजी आपल्याच दक्षिण भारतातील पट्टेरी पॅनचॅक्स घ्यावा. सपाट डोके, वर वळलेले तोंड, डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका. पाण्याच्या अगदी पृष्ठाशी तो टपून असतो आणि अळी वर आली की टिपतो. रोझी बार्बसुद्धा अळ्या आवडीने खातात. फक्त पॅनचॅक्सबरोबर अगदी लहान मासे ठेवू नयेत, आणि तो उडी मारतो म्हणून हौदाचे पाणी काठोकाठ भरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पावसाळ्याची. हौद भरून वाहू लागला की मासे नाल्यात, नाल्यातून नदीत जातात. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी पक्की बसविल्यावाचून हौदात एकही मासा सोडू नये.

पुण्य की पाप?

आता बडोद्याच्या पत्राकडे वळू. ‘टाकी साफ ठेवणारा’ म्हणून विकला जाणारा तो मासा दक्षिण अमेरिकेतील सकर होय. लहानपणी तो काचेवरचे शेवाळ चाटतो, पण वाढतो दीड फुटापर्यंत. अंगावर खवल्यांचे चिलखत, पाणी बिघडले तर वरची हवा घेण्याची शक्ती, आणि काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालण्याची सवय. ह्या तीन गुणांमुळे तो बाहेर कोठेही तगतो. आंध्र व तेलंगणातील तळ्यांत तो इतका माजला आहे की कोळ्यांची जाळी फाटतात आणि विकण्याजोगी मासळी कमी हाती लागते. 2020 साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. 2023 च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई चालू असता मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी गार मासा हाती लागला. हे मासे समुद्र पोहून आलेले नाहीत. कोणाच्या तरी दिवाणखान्यातून, कंटाळा आल्यावर किंवा दया आल्यावर, ते बाहेर पडले आहेत.

दयेपोटी सोडलेला एक मासा तळ्यातल्या शेकडो देशी माशांची अंडी खातो, त्यांचे खाद्य संपवितो, पेटीतले रोगही बरोबर नेतो. त्या तळ्यावर ज्यांचे पोट आहे त्या कोळी कुटुंबाच्या ताटातील घास जातो. म्हणून उत्तर स्पष्ट आहे: सोडू नये. विश्वामित्रीत नको, सूरसागरात नको, गणपती-विसर्जनाच्या कुंडातही नको. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला तर मोठी टाकी असलेल्या एखाद्या शाळेस, उद्यानास किंवा हौशी गृहस्थास विचारावे. कोणीही न मिळाल्यास घरीच सिमेंटची बंदिस्त टाकी करून त्याला शेवटपर्यंत सांभाळावे. आपण आणलेला पाहुणा आहे. त्याचे उत्तरदायित्व शेजाऱ्याच्या तळ्यावर टाकता येत नाही. आणि पुढच्या वेळी काचेवरचे शेवाळ आठवड्यातून एकदा हातानेच पुसावे. ‘साफ करणारा’ मासा विकत घेण्याची गरज कोणत्याही पेटीला नसते.

चार नियम

मासा घेण्यापूर्वी दुकानात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पर मिटून कोपऱ्यात बसलेला, अंगावर पांढरे दाणे असलेला, पोट खपाटीला गेलेला मासा दयेने घेऊ नये. त्याच पेटीतील इतर मासेही घेऊ नयेत. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मग थोडे थोडे पेटीतले पाणी तिच्यात घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. नवे मासे शक्य तर पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवावेत.

खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा वा दोनदा. घरातील प्रत्येकाने येता-जाता चिमूट टाकली की मासे भुकेने नव्हे, लाडाने मरतात. ते काम एकाकडेच सोपवावे. आठवड्यातून एक दिवस माशांना निरंकार एकादशी घडविल्यास त्यांचे काही बिघडत नाही.

ग्वाल्हेरच्या भगिनींनी मुलाला सांगावे की त्याचे काही चुकले नव्हते, भांडे लहान होते आणि पाणी नवे होते. ह्या खेपेस दोन फुटी पेटी त्याच्यासमोर भरावी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीस दिवस त्याच्याकडून खुणा करवून घ्याव्यात, आणि एकतिसाव्या दिवशी तीन झेब्रा मासे आणावेत, पंधरा दिवसांनी आणखी तीन. सासूबाईंनाही पेटीसमोर खुर्ची टाकून द्यावी. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते सहा मासे एका ओळीत वळतात, ते पाहताना अरिष्टाची आठवण त्यांनाही राहणार नाही, असा आमचा विश्वास आहे.